बेरिल आत्याची परीक्षा

ग्लेनिसला एका जागी बसवेना. काचेतून आत्याकडे बघायची, दारापर्यंत जायची, परत यायची. लास वेगासहून आलेले खरेदीदार खुर्च्यांत मस्त रेलले होते, आणि कंपनीची मालकीण असून हिचा जीव मात्र टांगणीला लागला होता. काचेपलीकडे बेरिल आत्या नव्या मशीनसमोर बसली होती, आणि शेजारच्या चहाला तिने अजून हात लावला नव्हता.

ट्रेगेन्झा कंपनीत जुगाराचं मशीन पास करायची रीत जगावेगळी. ग्लेनिसच्या बापाने, क्लॅरीने, सिडनीतल्या मॅरिकव्हिलच्या पत्र्याच्या शेडमध्ये पहिलं पोकी, म्हणजे नाणं टाकून दांडा ओढायचं मशीन, ठोकूनठाकून उभं केलं, तेव्हा त्यावर थोरल्या बहिणीला बसवलं आणि शेजारी चहा ठेवला. बेरिल बोलिंग क्लबच्या स्वयंपाकघरात कामाला, तोंडाची भारी फटकळ. तिने दोनदा दांडा ओढला, कप उचलला आणि म्हणाली, "क्लॅरी, यापेक्षा बटाटे सोललेले बरे रे!" क्लॅरीने ते मशीन मोडलं आणि दुसरं बांधलं. त्यावर बसल्यावर ती चहा विसरली. ते मशीन सिडनीच्या क्लबाक्लबांत गेलं आणि ट्रेगेन्झांचं नशीब उघडलं. तेव्हापासून नियमच झाला. आत्याचा चहा गार, तर मशीन पास.

पुढे दांडे गेले, बटणं आली. चाकं गेली, पडदे आले. शेडची काचेची इमारत झाली, मशीनं जहाजात बसून परदेशी गेली. परीक्षा मात्र आत्याचीच राहिली. चहा गार झाला की ती स्वतःच उठायची. "झालं तुमचं? मग मी चालले." स्वतःचं एक नाणं तिने कधी मशीनमध्ये टाकलं नाही. "पोकीत पैसे घालतो तो गाढव, आणि पोकी विकतो तो माझा भाऊ," असं क्लबात खुशाल सांगायची.

आजचं मशीन ग्लेनिसने स्वतः घडवलेलं होतं. क्लॅरी कित्येक महिने हॉस्पिटलात पडून होता आणि आत्या रोज दुपारी त्याच्याकडे जायची, कधी चुकायची नाही. आज ती वेळ टळून गेली तरी बाई जागची हलली नव्हती. तेवढ्यात ग्लेनिसचा फोन वाजला. हॉस्पिटलातली नर्स बोलत होती. "श्वास लागलाय त्यांना. लगेच या. त्यांच्या बहिणीला घेऊन या, सारखं तिचंच विचारतायत."

ग्लेनिस धावत आत गेली. "आत्या, ऊठ. बाबांचं काही खरं नाही."

"हो हो, उठते. एवढे फेरे संपू देत."

मशीनने फुकटचे फेरे दिले होते. संपत आले की आणखी मिळत होते.

"आत्या, बाबा बोलावतायत तुला!"

"बोलावू दे गं. पळून जातोय का कुठे तो?" आत्याने मानसुद्धा वळवली नाही.

मशीन बंद करायचा खटका ग्लेनिसच्या हाताशी होता. पण काचेमागे गिऱ्हाईक बसलेलं! चालू परीक्षा मालकिणीनेच मोडली तर काय म्हणतील? संपतीलच की आता फेरे, असं म्हणत ती उभी राहिली. ते संपू नयेत म्हणून हिनेच वर्षानुवर्षं डोकं फोडलेलं, आणि आता हीच ते संपायची वाट बघत होती! याला काय म्हणावं? आत्या हलत नाही हे बघून मागे खरेदीदारांनी टाळ्या वाजवल्या.

शेवटी तिने आत्याला दंडाला धरून ओढलं. "सोड, भवाने!" आत्या ओरडली. अख्ख्या जन्मात तिने भाचीला असा शब्द वापरला नव्हता. ग्लेनिसने तिला गाडीत घातलं. रस्त्यात जागोजागी गाड्या तुंबलेल्या होत्या आणि ग्लेनिस प्रत्येक सिग्नलला शिव्या देत होती.

पोचल्या तेव्हा क्लॅरी गेला होता. "आत्ताच गेले," नर्स म्हणाली. "दाराकडेच बघत होते."

आत्या खाटेवर बसली. भावाचा हात हातात घेऊन हमसून हमसून रडली. "क्लॅऱ्या, थांबायचंस ना रे थोडं! आले होते ना मी!" खटका दाबला असता तर दोघांची भेट झाली असती, हे ग्लेनिसला पक्कं कळत होतं.

बऱ्याच वेळाने आत्याने नाक पुसलं आणि तिला जवळ ओढलं. "पोरी," ती हळूच म्हणाली, "माझ्या मशीनवर दुसरं कुणी बसलं नाही ना?"

ग्लेनिसच्या मनात आलं, जिंकलो आपण. बापाचा चेहरा अजून झाकलासुद्धा नव्हता, आणि तिला आधी आनंद झाला. मग तिने घाईने चादर त्याच्या चेहऱ्यावर ओढली.

"नाही आत्या. कुणी नाही बसलं."

आत्याने डोळे पुसले आणि पर्स काखेला मारली.

"मग चल," ती म्हणाली.