माळवदावरची टिटवी

टिटवीनं तिप्पण्णाच्या माळवदावर अंडी घातली ती त्र्याहत्तरच्या मे महिन्यात, आणि त्या दिवसापासून घराला स्वस्थता म्हणून लाभली नाही. पावसाळ्याआधी धाब्याच्या छतावर नवी माती टाकायची म्हणून तिप्पण्णा शिडी लावून वर चढला, तर कोपऱ्यातल्या खड्यांत चार ठिपकेदार अंडी. टिटवी उंचावर अंडी घालते त्या वर्षी पाऊस दाबून पडतो, असं सगळा मुलूख मानतो. दोन वर्षं आभाळाकडं बघून माना अवघडलेली माणसं ती. तिप्पण्णाचा कडब्याचा व्यापार. मोहोळकडचे शेतकरी दुकानात आले की त्यांना तो हौसेनं घरी आणून अंडी दाखवू लागला, जणू त्यानंच घातली होती. कोणी हात जोडायचं, कोणी लांबूनच हळदकुंकू टाकायचं. आणि माणूस वर चढला रे चढला की टिटवी त्याच्या डोक्यावर घिरट्या घालत किंचाळायची.

त्या आवाजानं निंगव्वाच्या, म्हणजे तिप्पण्णाच्या बायकोच्या, काळजात चर्र व्हायचं. सोळा वर्षांपूर्वी तिचा दीड वर्षांचा धाकटा मुलगा तापानं गेला, त्या संध्याकाळी घरावरून टिटवी ओरडत गेली होती. टिटवीनं माझं पोर नेलं, असं ती तेव्हा म्हणाली आणि पुढं इतक्यांदा म्हणाली की गल्लीतल्या पोरीबाळींनाही ते पाठ झालं. टिटवी ओरडत असताना घरातून पाऊल बाहेर टाकायचं नाही, हा तिनंच घरात घालून दिलेला कायदा. अंडी काढून टाका म्हणून ती नवऱ्याशी कडाकडा भांडली. पण सगळ्या तालुक्याच्या पावसावर पाणी सोडायला तिप्पण्णा काही तयार होईना.

एरवी नवराबायकोचं भांडण म्हणून कोणी लक्ष दिलं नसतं. पण त्यांची मुलगी बसम्मा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरत आले होते. तपासायला आलेल्या नर्सबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, की मूल आडवं आहे, घरी सुटका होणार नाही, कळांची वाट न बघता पोरीला दवाखान्यात आणून ठेवा.

सोमवारी टांगा दारात आला. बसम्मा उंबरा ओलांडणार एवढ्यात टिटवी ओरडली. दोन शेतकरी शिडीवर होते. निंगव्वानं टांगा परत पाठवला. गुरुवारीही तेच झालं. तिप्पण्णा चिडला, पण बायकोनं पोरीच्या जिवाचं नाव काढलं की त्याला माघार घ्यावी लागायची. पावसाचा शकुन तेवढा खरा आणि मरणाचा खोटा, असं तो कुठल्या तोंडानं म्हणणार होता?

शनिवारी सकाळी बसम्माला कळा सुरू झाल्या. तिप्पण्णा टांगा आणायला पळाला. निंगव्वानं पोरीला हाताला धरून दारापर्यंत आणलं, आणि वर पुन्हा ते सुरू झालं. शेजारच्या रंभाबाईचं माळवद यांच्या माळवदाला लागूनच. ती मिरच्या वाळत घालून खाली उतरत होती, एवढंच निमित्त. निंगव्वानं पोरीचा हात मागं ओढला. जरा दम धर, गप झाली की निघू, असं सांगून ती देवापुढची विभूती आणायला आत गेली.

परत आली तर दारात बसम्मा नव्हती. अंगणात रंभाबाई नुसती वर बोट दाखवत होती. रंभाबाईच्या घराच्या दगडी पायऱ्यांनी पोर वर गेली होती. निंगव्वा तशीच धावली.

वर ऊन नुसतं भाजत होतं. माळवदाला कठडा नाही, आणि बसम्मा एक हात पोटाखाली धरून, दुसऱ्या हातात अंडं घेऊन उभी. टिटवी तिच्या तोंडावर झेप घेत होती आणि दर झेपेला बसम्मा एक पाऊल मागं सरकत होती. मागं दोन हात जागा उरली होती. ओरडलं तर पोर दचकेल, हे निंगव्वाला कळलं आणि तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

"अव्वा, जवळ येऊ नगं," बसम्मा म्हणाली. "चारी फोडते. मग ती जाईल, आन् मग तू मला जाऊ देशील."

निंगव्वानं तोंडातला पदर काढला. "ठेव ते. आपण आत्ताच्या आत्ता जाऊ."

"ती वरडतीया की. धाकल्याला नेलं, आता मला न्यायला बसलीया. तूच सांगितलंस की."

पुन्हा कळ आली. बसम्मा वाकली आणि तिची टाच कडेच्या मातीवरून घसरली. मातीचं एक ढेकूळ खाली गल्लीत पडल्याचं दोघींनी ऐकलं.

निंगव्वाला एक गोष्ट सोळा वर्षं माहीत होती. स्वतःशीसुद्धा ती कधी बोलली नव्हती.

"टिटवीनं न्हाय नेलं त्याला," ती म्हणाली. "तीन दिवस ताप हुता. तुजा अप्पा गावाला गेलेला. दवाखान्यात ने म्हणून बाया सांगत हुत्या आन् मी अंगारा लावत बसले. टिटवी वरडली तवा त्याचे हातपाय गार पडले हुते. माज्यामुळं गेला त्यो, बसम्मा. पाखरावर घातलं ते मी."

बसम्माच्या चेहऱ्यावर राग आला, आणि त्या रागानंच ती सावरली. दोन पावलं पुढं येऊन तिनं अंडं आईच्या हातात दिलं आणि पायऱ्यांकडं वळली. निंगव्वानं ते उरलेल्या तिन्हींजवळ ठेवलं आणि पोरीला मागून धरलं.

टांगा आला होता. टिटवी ओरडतच होती, दारात, गल्लीत, पार वळणापर्यंत. निंगव्वाला भीती वाटत होतीच; इतक्या वर्षांची भीती अशी एका सकाळी जात नसते. तरी तिनं टांगेवाल्याला थांब म्हटलं नाही, जोरात हाक म्हटलं.

दवाखान्यात पोट चिरून मुलगी काढावी लागली. दुपारभर आईचं आणि लेकराचं काही खरं नव्हतं. दिवेलागणीला डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, दोघी वाचल्या म्हणाल्या, आणि मग तिप्पण्णावर उखडल्या. आठ दिवसांपूर्वी बजावून सांगितलं असताना एवढा उशीर केलाच कसा, असं त्यांनी विचारलं. तिप्पण्णा मान खाली घालून टिटवीचं काहीतरी पुटपुटू लागला.

निंगव्वा बाकावरून उठली आणि नवऱ्याच्या पुढं येऊन उभी राहिली.

"त्यांस्नी नगा बोलू, बाई," ती म्हणाली. "उशीर मी केला. ह्या खेपंलाबी."