यादीतलं गाव

सकाळी नऊच्या सुमाराला भावनाचा फोन वाजे. नरखेडकडच्या एका खेड्यातल्या दवाखान्यातून यमुताई सिस्टर बोलत. गावात लाइट जायची, यायची, आणि आली की दवाखान्याच्या कॉम्प्युटरचा इंटरनेटवरचा पत्ता बदललेला असायचा.

"लिव वं भावना. दोनशे तीन. शून्य. एकशे तेरा. अन् शेवटचा एकेचाळीस."

चार आकडे यमुताई जात्यावर बसल्यासारख्या संथ लयीत सांगत. भावना नागपूरच्या रक्ततपासणी प्रयोगशाळेत बसे. तिथल्या सर्व्हरपाशी कुणाला येऊ द्यायचं, याची यादी सहा वर्षं तिच्या हातची. यादीत पत्ता असेल त्यालाच रिपोर्ट दिसत, बाकीच्यांना दार बंद. ती रोज नवा आकडा लिही. जुना पत्ता पुढे दुसऱ्याच कुणाला मिळे, तरी तो खोडायचं मात्र राहून जाई. थकलेला हात, उद्या खोडू म्हणे.

आज एकेचाळीस लिहून होतो न होतो, तोच शरच्चंद्र साहेब यादी छापून घेऊन आले.

"मॅडम, हा शेवटी आठ असलेला पत्ता कुणाचा?"

"यमुताईंचा. मार्चमध्ये होता."

"आता कुणाचा?"

भावनाने वाकून कागदावरची ती ओळ पुन्हा वाचली.

"ज्याचा असेल त्याने काल दिवसभर पासवर्ड लावून पाहिले. दोन हजार वेळा! तुम्ही दाराला कडी लावता की तोरण?" साहेबांनी कागद टेबलावर ठेवला. "कायमचा पत्ता असेल तोच राहील. ते गाव आज काढा."

ते गेल्यावर तिने यमुताईंना फोन लावला. साहेबांचा हुकूम सांगितला.

"मंग सरिताचं कसं करू वं? सातवा महिना तिचा, तोंड पांढरंफटक पडलं. कागद एस.टी.नं तीन दिवसांनी येते. तिले आज नागपूरले धाडू का नको, मले कसं समजन?"

फोनवर रिपोर्ट सांगायला मनाई होती. भावनाने डोळे मिटले. मग एकेक ओळ खोडू लागली. आठ गेला, नव्वद गेला, मागचे सगळे उन्हाळे-पावसाळे गेले. दुपारपर्यंत गावाच्या नावापुढे एकटा एकेचाळीस उरला.

ती साहेबांच्या टेबलाशी उभी राहिली. "चूक माझी होती, साहेब. आता रोज लिहीन, रोज संध्याकाळी खोडीन. सही करून देते."

"रविवारी?"

रविवार हा तिचा झोपेचा एकुलता एक दिवस. "येईन."

"किती दिवस?"

"त्यांना कायमचा पत्ता मिळेपर्यंत. अर्ज केलाय."

"केव्हा?"

"दोन वर्षं झाली."

साहेब हसले नाहीत. चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले आणि कागद तिच्यापुढे सरकवला. तिने सही केली.

चारला यमुताईंचा फोन आला. "पाह्यला रिपोर्ट. रक्त लयच कमी हाय वं. गाडी बोलावली, बसवून देतो तिले."

सहाला भावनाने एकेचाळीस खोडला. गावापुढची जागा कोरी झाली. पर्स खांद्याला लावली, दिव्याच्या बटणावर हात ठेवला, आणि फोन वाजला.

"गेली नाहीस ना वं? लाइट जाऊन आली. दवाखान्यात दुसरी बाई आली, तिचाबी रिपोर्ट पाह्याचा हाय."

भावनाने पर्स खाली ठेवली, खुर्ची ओढली.

"सांगा ताई, लिहून राहिली मी."

"दोनशे तीन. शून्य…"