तीन पेल्यांचा श्वास

मी एक जुनी, पिवळ्या पाटीची लहान गाडी आहे. आमच्या जपानातल्या तोकुशिमाच्या डोंगरात नंबराची पाटी पिवळी दिसली, की लोक समजून जातात: हिचे इंजिन सहाशे साठ सीसीच्या आतले. मित्रांनो, माझ्या अंगावर पुष्कळ ओरखडे आहेत आणि त्यांची मला लाज नाही. लाज वाटते ती एका चढाची.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी चांगली पांढरीशुभ्र होते. पहिली बरीच वर्षे एका टोफूवाल्याकडे गेली. त्याचे गाव सपाट, फेरी जवळची. तो मला रोज पुसायचा, आवाज जरा बदलला की कान देऊन ऐकायचा. म्हातारपणी त्याने गाडी चालवणे सोडले आणि मी ओनिशीबाईंच्या जुन्या गाड्यांच्या दुकानात येऊन उभी राहिले.

तिथे एके दिवशी मोसाकु आला. तातामी चटया करणारा, बोलायला फटकळ. सोबत त्याची मुलगी कानाए होती. डोंगरातल्या आजारी म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन शुश्रूषा करण्याची नोकरी तिला नुकतीच लागली होती. माझ्या शेजारी तेराशे सीसीची एक गाडी उभी होती. मोसाकुने आम्हा दोघींकडे पाहिले आणि माझ्या टपावर थाप मारली.

"कुठे चालवणार ते आधी सांगा," ओनिशीबाई म्हणाल्या. "सीसी म्हणजे इंजिनाच्या पोटातली जागा. हिच्यात तीन नळकांडी आहेत. एकेकात चहाच्या पेल्याएवढी हवा मावते. तेवढ्या श्वासावर हिला सगळं ओझं ओढायचं असतं. शेजारचीचा श्वास दुप्पट आहे. सपाटीला फरक कळणार नाही, चढाला कळेल."

"आम्हाला काय शर्यत जिंकायचीय? लहान इंजिन, कमी पेट्रोल."

"चढाला लहान इंजिनही ढसाढसा पितं, मोसाकुसान."

"अहो, पोरगी माझी सुकडी. तिला ओढायला कितीसा दम लागतो?"

"बाबा, लोकांसमोर तरी," कानाए म्हणाली. सगळे हसले, आणि ते बोलणे तिथेच राहिले.

कानाएसोबतचे दिवस मला आवडले. ज्या वाटांवर मोठ्या गाड्या अडायच्या, तिथून मी कडेच्या चहाच्या झुडपांना अंग घासत निघून जायचे. अंगणात पोहोचले की म्हाताऱ्या बाहेर यायच्या, माझ्या मागच्या बाकावर मुळे आणि रताळी ठेवायच्या. कानाए घरात जाऊन त्यांची छाती तपासायची. "खोल श्वास घ्या, आजी. अजून खोल." मला ते बाहेर ऐकू यायचे. माझा श्वास मात्र कोणी तपासत नव्हते. देवदाराचे पराग आणि वाटेची धूळ माझ्या हवा गाळणाऱ्या जाळीत साठत गेली. दर चढाला मी थोडी जास्त घरघरायचे. कानाएने गाण्याचा आवाज वाढवला. तिचा दोष म्हणू नका. दिवसभर इतरांना सांभाळून ती दमलेली असे.

निशिउरा नवराबायकोचे घर मोठ्या रस्त्याच्या खाली, दरीच्या अंगाला होते. शरदातल्या एका पावसाळी दुपारी फुमिए आजींना श्वास घेता येईना. रुग्णवाहिका त्या अरुंद वाटेने उतरू शकत नव्हती. ती वर, रस्त्यावर थांबणार होती. कानाएने आजींना मागे बसवले. सेइजी आजोबा त्यांचा हात धरून शेजारी बसले. चाकांची खुर्ची, प्राणवायूची टाकी, कानाएची पेटी, सगळे माझ्यात कोंबले गेले. काचांवर वाफ धरली म्हणून गार हवेचे यंत्रही लावले. तेही माझ्याच दमावर चालते.

अर्ध्या चढाला, वळणावर, माझा दम सरला. मी हवा ओढत होते आणि हवा येत नव्हती. मी थांबले. मग चक्क मागे घसरले.

"थांब पोरी. मी उतरतो," आजोबा म्हणाले.

"पाऊस आहे, आजोबा. जरा जोर लावते."

"जोर तुझ्यात आहे गं. हिच्यात नाही."

त्यांनी आजींच्या हातातून आपला हात सोडवला. खुर्चीही उतरवून घेतली आणि मागून मला हात लावला. ऐंशी ओलांडलेला तो माणूस मला ढकलत होता. मी सरकू लागले. आरशात ते मागे पडत गेले, लहान होत गेले.

वर आजींना स्ट्रेचरवर घेतले तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते. "हे कुठायत?" त्यांनी विचारले.

"येताहेत, आजी."

थांबायला वेळ नव्हता. रुग्णवाहिकेचे दार लागले. थोड्या वेळाने आजोबा खुर्ची ओढत वर आले, नखशिखांत भिजलेले.

"नेलं तिला?"

"नेलं, आजोबा."

"माझं विचारलं?"

कानाएने होकारार्थी मान हलवली. तिने खुर्ची त्यांच्या हातून घेतली. मला तर त्यांना दाखवायला तोंडच नव्हते.

आजी वाचल्या. पण आजोबांना ताप भरला, आणि ते बरेच दिवस त्यांना भेटू शकले नाहीत. कानाएला अन्न गोड लागेना. मोसाकुने खोदून विचारले तेव्हा तिने सांगितले. दुसऱ्या दिवशी आम्हा दोघींना घेऊन तो ओनिशीबाईंकडे गेला. त्यांनी जाळी काढली. ती काळी कुळकुळीत होती.

"नाक दाबून चढवलीत हिला," त्या म्हणाल्या. मग जाळी बाजूला ठेवून, "मीसुद्धा तेव्हा पटेपर्यंत सांगितलं नाही. मला ही खपवायची होती."

"बदलून मोठी द्या," मोसाकु म्हणाला.

"मोठी त्या वाटेने उतरेल का, बाबा?" कानाए म्हणाली. "हीच राहू दे. आपण नीट वागू हिच्याशी."

माझी जाळी बदलली, ठिणगीचे प्लगही बदलले. चढाला गार हवा बंद करायची, खालचा गिअर घालायचा, ओझे फार झाले तर दोन खेपा करायच्या, हे कानाए शिकली.

आजोबा बरे झाले तेव्हा त्यांना दवाखान्यात नेण्याचा हट्ट मोसाकुने धरला. वाटेत तो म्हणाला, "ही गाडी मी निवडली होती. कानाएला दोष देऊ नका."

"गाडी केवढी आहे, ते मला दिसत होतं की," आजोबा म्हणाले. "मी हिच्यात बसायलाच नको होतं. पण तिचा हात सोडवेना."

मोसाकुने मला कडेला घेतले आणि डोळे पुसले. मग आम्ही निघालो.

मित्रांनो, गाडी घ्याल तेव्हा तिचा रंग पाहा, किंमत पाहा. पण तिच्या पोटात श्वास किती मावतो आणि तुमच्या वाटेला चढ किती, हेही विचारा. लहान असणे हा गुन्हा नाही. आमच्या छातीची घरघर ऐकू आली, तर गाण्याचा आवाज तेवढा वाढवू नका. त्या दिवशी दवाखान्यात आजोबा आत गेले तेव्हा मी दारातच उभी होते. आजींनी त्यांना काय विचारले, ते मला ऐकू आले नाही. आजींजवळ आधीच बसलेली कानाए सांगते, त्यांनी काहीच विचारले नाही. नुसता हात पुढे केला.