आबेल आमदाराची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी अक्रोडाची पेटी आहे. वय विचारू नका, दीडशेच्या घरात आहे. शाळेचे तोंड मी पाहिले नाही, पण कायद्याचे कागद पोटात घेऊन फिरले आहे. तुमच्या शिकलेल्यांतही तेवढे किती जणांनी केले आहे?

मला घडवले अमेरिकेतल्या आबेल थॉर्नली नावाच्या शेतकऱ्याने. झाड स्वतःच्या शेतातले, करवतही स्वतःचीच. झाकणावर त्यांनी आपले नाव कोरले. एका कप्प्यात मक्याचे बियाणे, दुसऱ्यात कागद. कारण माझे धनी आमदारही होते. हसू नका. त्या काळी तिकडच्या आमदाराला गाडी नव्हती. कापणी उरकली की नांगराच्याच घोड्यावर मला बांधून ते राजधानीला निघत.

एका हिवाळ्यात तिथे प्रश्न आला. मोकाट गुरे दुसऱ्याचे पीक खातात, तर कुंपण कोणी घालायचे, पीकवाल्याने की गुरेवाल्याने? धन्यांची स्वतःची साठ गुरे. तरी ते उभे राहिले आणि म्हणाले, "गेल्या साली माझ्याच गाईंनी शेजारच्या विधवेचा मका फस्त केला. कुंपण मी घालायला हवे."

तसाच कायदा झाला. पुढच्या निवडणुकीत गुरेवाल्यांनी धन्यांना पाडले. ते घरी आले, माझ्यातले कागद काढले आणि तो कप्पाही बियाण्याने भरला. मरेपर्यंत कुंपणाचे खांब ठोकत राहिले. दमलेल्या माणसाचे हात कसे असतात, ते मला तेव्हापासून ठाऊक आहे.

मग माळ्यावर धूळ खाण्यात माझा जन्म गेला. एकोणीसशे एक्क्याण्णव साली धन्यांचा पणतू जळत्या तेलविहिरी विझवायला कुवेतला आला आणि अवजारांसाठी मला घेऊन आला. काजळी इतकी, की भर दुपारी दिवे लागत. आगी विझल्यावरही तिथेच नोकरी करून सात वर्षांनी तो मायदेशी परतला. जाताना मला कुवेतच्याच रिग्गई वस्तीतल्या दीनानाथ सुताराकडे ठेवून गेला. परत आलो की नेईन, म्हणाला.

दीनानाथ मालवणकडचा. एका खोलीत सहा जण. माझ्यावर बसून जेवणे, माझ्यावरच कांदा चिरणे आणि भाद्रपदात गणपतीची तसबीरही माझ्यावरच. हळदीचे डाग पडले, चहाची वर्तुळे उमटली. मी कुरकुरले नाही. उपयोगात होते ना.

पाच वर्षांनी पणतूचा निरोप आला, शुक्रवारी येतो. दीनानाथला लाज वाटली. विश्वासाने ठेवलेली वस्तू अशी कळकट कशी परत करायची? त्याने रंधा घेतला आणि माझे झाकण आरशासारखे केले. डाग गेले. नावही गेले.

खालच्या मजल्यावरच्या द्वारकाताई, दवाखान्यात नर्स होत्या, त्या लोणचे घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

"इथे अक्षरं होती ना रे?"

"ती होय? मला वाटलं, पोरांनी चाकूने ओरबाडलंय."

"नाव होतं ते. पेटी ठेवून गेला त्याच्या पणजोबाचं, त्यानेच मला सांगितलं होतं."

दीनानाथने झाकण उजेडाकडे वळवले; अक्षराची खूणही उरली नव्हती. ताईंनी सुचवले, पाणी लागून वरचा थर गेला म्हणून सांग, कोण बघायला येतंय. त्याने रंध्यात अडकलेल्या सालपट्या काढल्या.

"नको ताई. हाताने केलंय, तोंडाने सांगतो."

हे वाक्य मी आधी धन्यांच्या तोंडून ऐकले होते. शब्द वेगळे होते, एवढेच.

शुक्रवारी पणतू आला. दीनानाथने मान खाली घालून सगळे सांगितले, ताईंनी ते इंग्रजीत केले. पणतू कोऱ्या झाकणावरून नुसता हात फिरवत राहिला. मला वाटले, आता मला इथेच टाकून जाणार.

त्याने पटाशी मागितली आणि स्वतःच कोरायला बसला. हाताला लाकडाची सवय नाही. पहिली दोन अक्षरे झोकांड्या खात गेली. दीनानाथने थोडा वेळ दम धरला, मग धरवेना.

"सरक बाबा. लाकूड रडतंय."

कागदावर नाव लिहून घेतले आणि न कळणारी ती अक्षरे रेघेला रेघ जुळवत संध्याकाळपर्यंत कोरली.

तर मित्रांनो, आता मी कुवेतमधल्याच रुमैथिया भागात, पुन्हा इथे राहायला आलेल्या पणतूच्या दारापाशी असते. माझ्यावरची दोन अक्षरे वाकडी आहेत, बाकीची सरळ. कोरणाऱ्याला ती वाचता येत नव्हती, मलाही येत नाहीत. पण नाव कोणाचे, ते आम्हा दोघांना पक्के माहीत आहे. मी थकले आहे. जुन्या वस्तूचे डाग जरूर पुसा, पण रंधा उचलण्याआधी तिच्यावर काय लिहिले आहे ते कोणाला तरी विचारा. माझे झाकण आता अर्ध्या बोटाएवढेच जाड उरले आहे. आणखी एकदा सोलून घेण्याइतके नाही.