बोटीचं चाक

जावयाला अरे-तुरे करायची आमच्याकडे पद्धत नाही. म्हणून माझ्या जावयाची अक्कल मी 'तुम्ही' म्हणूनच काढतो. विनेश त्याचं नाव. नागावच्या किनाऱ्यावर पर्यटकांना स्पीडबोटीतून फिरवतो. बोट सकाळी पाण्यात न्यायची आणि संध्याकाळी भरती चढायच्या आत ट्रेलरवर घालून वर ओढायची, हे रोजचं काम. पूर्वी ते गावातल्या रंगूचा ट्रॅक्टर करायचा. पण ट्रॅक्टर म्हणजे साहेबांना कमीपणा. त्यांनी जुनी का होईना, मोठी गाडी आणली, आणि तीही ऑटोमॅटिक.

मी तीस वर्षं एसटी चालवली. क्लच नसलेल्या गाडीत डाव्या पायाने करायचं काय, हे मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"आराम करायचा, बाबा," विनेश म्हणाला.

"बरं आहे. तुमच्या डोक्याला होताच, आता पायालाही मिळाला."

तेव्हापासून मी तिला बायकांची गाडी म्हणायला लागलो. घरातल्या एकुलत्या एका बाईला, म्हणजे माझ्या लेकीला, दिशाला, त्या गाडीच्या स्टिअरिंगला हात लावायची मुभा नव्हती, ती गोष्ट वेगळी. दिशाकडे लायसन होतं. ते कपाटात होतं.

डिसेंबरात गर्दी वाढली आणि स्टिअरिंगमागच्या काट्यांच्या काचेखाली एक पिवळा दिवा लागायला लागला. दातेरी चाक आणि त्याच्या मधोमध काहीतरी उभं. विनेशने लगेच आपल्या धंद्याच्या टी-शर्टकडे बोट दाखवलं. त्यावर जहाजाचं चाक छापलेलं आहे.

"बघा बाबा, हुशार गाडी हाय. बोट जोडली की तिला कळतं. बोटीचं चाक लागतं."

इतका मूर्खपणा कोणी इतक्या अभिमानाने बोलताना मी जन्मात पाहिला नव्हता. पण खरं सांगायचं तर तो दिवा कसला, हे मलाही ठाऊक नव्हतं. माझ्या एसटीत दिवे पेटले तर नशीब.

त्या दिवशी जेवताना दिशा म्हणाली, "ते बोटीचं न्हाय. गिअरबॉक्सचं तेल तापलं की ते लागतं. गाडीच्या पुस्तकात लिवलंय."

"तेल तापतं?" मी म्हणालो. "मग त्यात भजी तळ."

विनेश ठसका लागेपर्यंत हसला. लग्नाला चार वर्षं झाली, पण सासरा-जावई एका गोष्टीवर हसलो ते त्या दिवशी पहिल्यांदा. दिशाने ताटं उचलली आणि आत गेली.

पुढच्याच शनिवारी पर्यटकांच्या तीन गाड्या वाळूत रुतल्या. विनेशने तिन्ही ओढून काढल्या. कोणी सांगितलं नव्हतं, पण चार लोक मोबाइल धरून उभे असले की याच्या अंगात येतं. लगेच चौथ्या खेपेला बोट जोडली. ट्रेलर ओल्या वाळूत निम्म्या वाटेवर आला आणि थांबला. विनेशने ॲक्सिलरेटर दाबला. चाकं जागच्या जागी फिरली, वाळू माझ्या तोंडावर उडाली. मागे भरती लागली होती आणि रंगूचा ट्रॅक्टर रेवदंड्याला गेलेला.

मी खिडकीपाशी गेलो. दिवा पेटला होता. आणि वास आला. कार्लेखिंडीच्या चढावर एसटीचा गिअरबॉक्स रडायला लागला की येतो तसा, जळकट.

"अरे गाढवा, थांब!" मी ओरडलो. "इंजिन बंद कर आधी!"

चार वर्षांची पद्धत गेली वाऱ्यावर. विनेशचा हात चावीकडे गेला.

"बंद करू नका!" बोटीतली लाइफ जॅकेटं वर नेत होती, ती वाळूत टाकून दिशा धावत आली. तिने दार उघडलं. "उतरा."

विनेश उतरला. कसा उतरला, देव जाणे. दिशा आत बसली, गिअरची दांडी पार्किंगवर टाकली आणि इंजिन तसंच चालू ठेवून दिव्याकडे बघत राहिली.

"तेल फिरत राह्यलं तरच निवंल. इंजिन बंद केलं की तापल्या जागी बसंल."

"दिशा, पाणी येतंय!" विनेश म्हणाला.

"येऊ दे. तुमी टायरांतली हवा कमी करा, म्हंजी वाळूत रुतायची न्हाईत. बाबा, तुमी चाकांपुढली वाळू काढा."

मी हाताने वाळू उकरायला लागलो. तीन महिने मी या गाडीच्या मरणाची वाट बघत होतो. 'सांगितलं होतं की नाही?' हे वाक्यसुद्धा मी तयार ठेवलं होतं. पाणी ट्रेलरच्या चाकाला लागलं तेव्हा मला कळलं, की गाडी मेली तर बोट जाईल आणि बोट गेली तर माझ्या लेकीची चूल. मी भ्यालो. या वयात, चारचौघांत, गुडघे टेकून दुप्पट जोराने उकरायला लागलो. वर बघितलं तर ती दिव्यावरची नजर काढत नव्हती.

पाणी ट्रेलरच्या चाकाच्या निम्म्यावर आलं आणि दिवा विझला. दिशाने खालचा गिअर टाकला आणि ॲक्सिलरेटर इतका हलका दाबला की गाडी निघाल्याचं आधी कळलंच नाही. चाकं घसरली नाहीत. आम्ही दोघे मागून ढकलत होतो, निदान तसं दाखवत होतो. बोट सुरूच्या झाडांपर्यंत आली.

"बघितलं, बाबा?" धापा टाकत विनेश म्हणाला. "गाडी कशी दणकट हाय!"

मला तोंडात येईल ते बोलायचं होतं. पण दिशाकडे वळून मी एवढंच विचारलं, "हे आधी नीट समजावून सांगायचं नाही का, बाई?"

तिने चावी काढून कुर्त्याच्या खिशात टाकली.

"घरी चला, बाबा. भजी तळते."

तिने खरोखरच तळली. ताटभर. विनेश आणि मी मान खाली घालून खात होतो. चावी तिच्या ताटाशेजारी होती.