झऱ्यावरची एकमेव माशी

लांब पायांची माशी तुम्ही पाहिली असेल. बाथरूमच्या भिंतीवर एखाद्या संध्याकाळी टांगा पसरून बसलेली असते, आणि घरातलं कुणीतरी "बापरे, केवढा हा डास!" म्हणत चप्पल हाणतं. ती डास नाही. चावत नाही, रक्त पीत नाही, मोठेपणी तर धड खातही नाही. थोडे दिवस जगते, जोडीदार शोधते, ओल्या जागी अंडी घालते आणि मरते. इतका निरुपद्रवी प्राणी मी दुसरा पाहिलेला नाही, माणसांत तर नाहीच.

तिची एकच खोड आहे. पाय फार पटकन तोडून टाकते. जिवंतपणी चिमटीत धरलं की पाय तुमच्या हातात आणि माशी पसार. वाळल्यावर तर विचारूच नका. पेटीचं झाकण जरा जोरात लावलं तरी दोन पाय खाली पडतात. ते उचलून जागच्या जागी चिकटवणं हे माझं काम. संग्रहालयाच्या मागच्या खोलीत एकतीस वर्षं मी हेच करतोय. एक टेबल, वाकवता येणारा दिवा, गरम पाण्याच्या वाटीत ठेवलेली सरसाची डबी, तीन केसांचा ब्रश. सगळे मला हाडवैद्य म्हणतात. बाई वैद्यबुवा म्हणतात, म्हणजे खूश असल्या तर.

बाई म्हणजे या माश्यांच्या विभागाच्या जुन्या प्रमुख. निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली, पण मंगळवारी आणि शुक्रवारी खिडकीजवळच्या खुर्चीत येऊन बसतातच. वय अठ्ठ्याहत्तर. सूक्ष्मदर्शकात डोळा घालून माशीच्या पंखावरच्या शिरा मोजतात आणि नव्या लोकांनी लावलेल्या चिठ्ठ्यांतल्या चुका काढतात. स्वभाव तिखट. मला आजवर तीनदा "गाढवा" म्हणाल्यात, आणि तिन्ही वेळा बरोबर होत्या. चौथ्यांदा म्हणायला हवं होतं, ते राहून गेलं. कारण ती चूक त्यांना माहीतच नव्हती.

गेल्या महिन्यात त्यांचा भाचा माझ्या खोलीत आला. चांगला पोरगा आहे, पन्नाशीचा. स्टुलावर बसला आणि किल्ल्या हातात खुळखुळवत राहिला.

"काका, मावशी यंदाही झऱ्यावर जायचं म्हणतेय."

"दरवर्षीच म्हणतात."

"डॉक्टरने साफ नाही सांगितलंय. मागच्या वर्षी पडली, ते मनगटावर निभावलं. कंबर मोडली तर उठेल का ती? मी बोललो तर म्हणाली, तुला माश्यांतलं काय कळतं. तुमचं ऐकेल ती."

"माझं? त्या स्वतःचंसुद्धा ऐकत नाहीत."

"तरी सांगून बघा. आईनंतर मला तीच आहे हो." एवढं म्हणून तो उठला. दारात थांबून म्हणाला, "एका माशीसाठी जीव द्यायचा का माणसाने?"

 तो गेल्यावर मी सरसाची डबी बंद केली आणि नुसता बसून राहिलो. कारण ती माशी मी बनवलेली होती.

आता सांगतोच सगळं. माझं नोकरीचं पहिलं वर्ष होतं. बाई तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांच्या, डोंगर चढण्यात कुणाला हार न जाणाऱ्या. वरच्या कड्याखालच्या झऱ्यावरून त्यांनी माश्यांची एक पेटी आणली. त्याच आठवड्यात खालच्या दलदलीतल्या माश्यांचीही पेटी आली होती. एका दुपारी दोन्ही पेट्या माझ्या टेबलावर एकदम उघड्या होत्या. हीच पहिली चूक. एका वेळी एकच पेटी उघडायची, हा या कामातला पहिला धडा, आणि मी तो ऐकून सोडून दिला होता. माझी बाही लागली. झऱ्यावरच्या एका नराचं पोट तुटलं. खालच्या कागदावर एक पोट पडलेलं दिसलं, ते मी उचललं आणि सरसाच्या थेंबाने चिकटवून टाकलं. कुणाला कळलंही नसतं इतकं सफाईने.

या माश्यांची जात ठरते ती नराच्या पोटाच्या शेपटाकडच्या टोकावरून. तिथे जोडीदारणीला धरायचे चिमटे असतात आणि प्रत्येक जातीत त्यांची घडण वेगळी. बाईंनी त्या नराकडे पाहिलं आणि खुर्चीवरून उठल्या. पंख आणि डोकं डोंगरातल्या गटाचं, शेपूट दलदलीतल्या गटाचं, शिवाय चिमट्यावर एक हुकासारखा बारीक आकडा, जो कुठल्याच जातीत नोंदलेला नाही! नवी जात. दोन गटांमधला दुवा. तेही अशा जागी, जिथे त्या दुसऱ्या गटातलं कुणी राहत नाही. खरं तर असं टोक कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळून साफ करून बघायचं असतं. पण नमुना एकुलता एक, म्हणून बाईंनी त्याला हात लावला नाही, होता तसाच कोरडा पाहून चित्र काढलं.

आठवड्याने टेबलाचा खण झाडताना मला खाचेत अडकलेलं दुसरं पोट सापडलं. दलदलीची पेटी उघडली तर तिथला एक नर बिनपोटाचा. म्हणजे मी चिकटवलं होतं ते त्याचं. मी धावत बाईंच्या खोलीशी गेलो. आतून त्यांचा हसण्याचा आवाज येत होता. लेख कालच पाठवला, असं त्या फोनवर कुणाला तरी सांगत होत्या. माझी नोकरी कच्ची होती आणि मी भित्रा होतो. उद्या सांगू म्हणून परत फिरलो. त्या उद्याला तीस वर्षं झाली.

पुढे ती माशी पुस्तकांत गेली. तिचं आढळक्षेत्र दाखवणाऱ्या नकाशावर एकच टिंब होतं. बाई दरवर्षी त्याच आठवड्यात झऱ्यावर जायच्या, दुसरा नमुना शोधायला. त्यांचं जाळं धरायला मी. एकोणीस वेळा गेलो मी त्यांच्याबरोबर. ओल्या कातळावर गुडघे टेकून त्या शेवाळाकडे तासन्‌तास बघत बसायच्या, आणि मी मागे उभा राहून जगात नसलेल्या माशीसाठी जाळं सावरून धरायचो. जाळ्यात आलेल्या नेहमीच्या माश्या त्या एकेक पाहून सोडून द्यायच्या. परतताना म्हणायच्या, "पुढच्या वर्षी बघू, वैद्यबुवा." मी म्हणायचो, "बघू." या एका शब्दाची मला जितकी लाज वाटते तितकी आयुष्यात कशाचीच वाटत नाही.

मला वाटायचं, हा त्यांचा हट्ट आहे. आपण शोधलेली माशी पुन्हा सापडावी, शंका घेणाऱ्यांची तोंडं बंद व्हावीत, एवढंच. मग मी स्वतःची समजूत घालायचो की अभिमान आहे बाईंचा, कशाला मोडा? पण भाच्याचा प्रश्न डोक्यातून जाईना. कंबर मोडून त्या कातळावर पडल्या तर कशासाठी पडल्या म्हणायचं? माझ्या सरसाच्या थेंबासाठी?

शुक्रवारी बाई आल्या. चहा झाला. मी लाल चिठ्ठीची पेटी काढून त्यांच्या समोर ठेवली. नव्या जातीचं वर्णन ज्या नमुन्यावरून होतं, त्याला लाल चिठ्ठी लावतात आणि कुलपात ठेवतात. तिच्या शेजारी मी औषध काढून टाकलेली एक कॅप्सूल ठेवली. तिच्यात ते दुसरं पोट होतं. फेकायची हिंमत मला कधी झाली नव्हती.

"हे काय?" बाई म्हणाल्या.

"बाई, यंदा झऱ्यावर जाऊ नका. तिथे ती माशी नाही."

"तुला कोणी सांगितलं? भाच्याने पढवलंय का?"

"मीच सांगतोय. ती कधीच नव्हती." आणि मग थांबलो नाही. दोन पेट्या, बाही, कागदावरचं पोट, खणातलं पोट, फोनवरचं हसणं, सगळं एका दमात ओकून टाकलं. बोलताना त्यांच्याकडे बघायची छाती झाली नाही, म्हणून कॅप्सूलकडेच बघत बोललो.

 बाईंनी सूक्ष्मदर्शक पुढे ओढला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, "पाणी गरम कर."

सरस गरम पाण्याने सुटतो. मी माशी भिंगाखाली ठेवली, ब्रशच्या टोकावर पाण्याचा थेंब घेतला आणि शेपटाच्या टोकाला लावला.   बाईंचा डोळा भिंगाला चिकटलेला.

"अजून एक थेंब."

मी दिला.

"आकडा गेला," त्या म्हणाल्या.

चिमट्यावरचा तो बारीक आकडा, जो त्यांनी तीन दिवस खपून रेखाटला होता, जो पुढच्या प्रत्येक पुस्तकात छापला गेला, तो वाळलेला सरस होता. हे मात्र मलाही माहीत नव्हतं. तो त्यांच्या डोळ्यांसमोर विरघळला आणि मागे उरला दलदलीतल्या साध्या जातीचा साधा चिमटा. थोड्या वेळाने पोटही सुटलं आणि पांढऱ्या कागदावर अलगद पडलं. बाईंनी स्वतः कॅप्सूल उघडली, दुसरं पोट भिंगाखाली घेतलं आणि एका नजरेत ओळखलं.

"झऱ्यावरची नेहमीचीच," त्या म्हणाल्या. "दरवर्षी जाळ्यात येते तीच."

"हो बाई."

"म्हणजे मी धरलेली तीच होती. मी सोडून द्यायचे, तीच."

"हो."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि खिडकीकडे तोंड केलं. मला वाटलं, आता गाढव म्हणतील. म्हणाव्यात अशी मनापासून इच्छा होती. त्या म्हणाल्या, "त्या वर्षी हा नर पाहिल्यावर मी पुन्हा वर गेले होते. आठवतंय?"

आठवत होतं. चार पिशव्या भरून शेवाळ आणलं होतं त्यांनी. पिशव्या मीच धुतल्या होत्या.

"अळ्या मिळतील म्हणून कातळ खरवडून काढला मी. कपारीत बोटभर हिरवं ठेवलं नाही. घाई झाली होती मला, दुसरं कुणी पोचायच्या आत सगळं माझ्या हातात हवं होतं. अळ्या सगळ्या साध्या निघाल्या आणि चार दिवसांत मेल्या. ते शेवाळ पुन्हा धरायला सात वर्षं लागली. आणि ही माशी परत कधी दिसली नाही." त्या थांबल्या. "मला वाटत होतं, मी मारली. एवढ्याशा ओलीवर जगणारी एक अख्खी जात मी हौसेपायी पुसून टाकली. तीस वर्षं मी तिथे एकच बघायला जात होते रे, की एखादी तरी वाचलीय का."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. भीती, अभिमान, नोकरी, सगळी कारणं मी तीस वर्षं घोकून ठेवली होती. हे त्यांत कुठेच नव्हतं. मी त्यांचं काहीतरी हिरावून घेईन म्हणून गप्प बसलो होतो, आणि माझ्या गप्प बसण्याने त्या तीस वर्षं स्वतःला खुनी समजत होत्या. तेही माझ्यासमोर, गुडघे टेकून.

"बाई, मला माफ..."

"थांब. आधी काम." त्यांनी कागद ओढला आणि लिहायला घेतलं. लिहिता लिहिता वाचून दाखवत होत्या. ही जात रद्द समजावी. पुढचा भाग झऱ्यावरच्या सर्वसामान्य जातीचा, पोट दलदलीतल्या जातीचं. आकड्याचं चित्र चुकीचं, ती चूक माझी, टोक साफ न करता वर्णन केलं. आढळक्षेत्राच्या नकाशातलं टिंब काढून टाकावं. मग पेन उचलून म्हणाल्या, "जोडणाऱ्याचं नाव?"

"घाला बाई. माझं नाव घाला."

"घालणारच आहे. तुझी परवानगी नाही मागत, स्पेलिंग विचारतेय."

मी सांगितलं. त्यांनी लिहिलं, तारीख घातली, सही केली. कागदाची घडी करताना त्यांचा चेहरा मी पाहिला. दमलेला होता, पण कपाळावरची ती कायमची आठी नव्हती. तिला मी इतकी वर्षं वयाची समजत होतो.

"एक सांगते," त्या उठत म्हणाल्या. "बरं वाटलं मला. खोटं नाही बोलणार. आज झोप लागेल. पण हे तू पहिल्या वर्षी सांगितलं असतंस तर पहिल्या वर्षी लागली असती."

मी मान खाली घातली. त्यांनी पर्स उचलली आणि काठी घेतली. दारापर्यंत पोचवायला मी उठलो तर हाताने बस म्हणाल्या.

"भाच्याला सांग, कातळावर चढणार नाही. खाली रस्त्यापर्यंत गाडीने घेऊन जा म्हणावं. झऱ्याचा आवाज येतो तिथपर्यंत. अंगावर बसल्या त्या माश्या तर बसू देत. शोधायचं काही उरलं नाही, नुसतं बसून येईन." दाराशी त्या वळल्या. "तू मात्र येऊ नकोस."

मी परत टेबलाशी बसलो आणि दोन्ही पोटं ज्याच्या त्याच्या पेटीत ठेवली, एका वेळी एकच पेटी उघडून.