पारा चढलाच नाही

"बाबा, थर्मामीटर तोंडात आहे. बोलू नका!" मुलगा खेकसला.

म्हाताऱ्यानं निमूट ओठ मिटले. मुलानं थर्मामीटर काढून उजेडात धरला. पारा होता तिथंच होता.

"बघा, ताप नाही. फ्लू चिमणीला झाला होता. एकशेतीन ताप, तरी पोरीनं एवढं कण्हून दाखवलं नाही."

"ताप आहे असं मी कुठं म्हणतोय? उठवत नाहीये, एवढंच."

मुलगा लॉन्ड्रीच्या बॉयलरवर कामाला होता. त्याच्याआधी बाप त्याच बॉयलरवर होता. वाफेच्या दाबाचा काटा लाल रेषेच्या खाली असला की बिनघोर राहायचं, हे बापानंच त्याला कान पिळून शिकवलेलं. घरातही मग तोच कायदा. चिमणी तापली तेव्हा त्यानं घर डोक्यावर घेतलं होतं. आता ती पलंगावर उड्या मारत होती, आणि तिला रात्रभर मांडीवर घेऊन बसलेला आजोबा भिंतीला टेकून धापा टाकत होता.

"अहो, कालपासून पोटात काही नाही त्यांच्या," बायको म्हणाली. "मघाशी मला आई म्हणून हाक मारली."

"लाड हवेत. चिमणीचे झाले ना, आता यांचे! नाटकं नुसती."

म्हाताऱ्यानं ते ऐकलं. त्यानंतर त्यानं काही मागितलं नाही, पाणीसुद्धा नाही. मुलाला वाटलं, बरी जिरली. त्या रात्री तो छान झोपला.

सकाळी बापाचे ओठ निळे पडले होते.

"इतका उशीर का केलात?" हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"ताप नव्हता हो. सारखा मोजत होतो. मुलीला फ्लू झाला तेव्हा एकशेतीन होता."

"अंग आजाराशी झुंजतं तेव्हा ताप चढतो. या वयात झुंजायची ताकदच कमी होते. तुमच्या मुलीनं फ्लूला पळवून लावलं. यांच्या अंगाला वेळेवर जागही आली नाही. दोन्ही फुप्फुसं भरलीत. आता फार आशा धरू नका."

तो पलंगाशी येऊन उभा राहिला. त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटत होती. बापानं डोळे उघडले, त्याला न्याहाळलं, पण ओळख पटली नाही. ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारून बाप अजिजीनं म्हणाला,

"भाऊ, माझ्या मुलाला कळवू नका हं. चिडेल तो."

"नाही कळवत," मुलगा म्हणाला.